पाच देश नकोत, एक उतार धरा

वाचकाचा प्रश्न : नाशिकचे एक वाचक, वय ६१, नुकतेच निवृत्त झालेले. दर हिवाळ्यात नांदूरमधमेश्वर, अधूनमधून भिगवण आणि आंबोली, शिवाय ताडोबाच्या काही सफारी असा पक्षिनिरीक्षणाचा जुना छंद. 'एकदाच काय ते जायचं' म्हणून दक्षिण अमेरिकेची २१ दिवसांची सहल ठरवत आहेत. मुलगी न्यू जर्सीला असते आणि नाताळच्या सुट्टीत तिच्याकडे जायचंच आहे, म्हणून सहलही डिसेंबरातच. एका ट्रॅव्हल एजंटने आराखडा दिला आहे : कोलंबिया, इक्वेडोर आणि गालापागोस, पेरूत माचू पिचू, ब्राझीलमध्ये मनाऊसचं ॲमेझॉनमधलं जंगल आणि पांतानालचा पाणथळ प्रदेश, शेवटी अर्जेंटिनात पेंग्विन. बघायच्या यादीत जॅग्वार, हायसिंथ मकाव (मोठा निळा पोपट), हमिंगबर्ड, काँडोर (अँडीजमधलं प्रचंड गिधाड), हार्पी ईगल आणि पेंग्विन. पत्नी ५७ वर्षांच्या. पक्षी त्यांनाही आवडतात, पण याद्या करण्यात रस नाही. बागेची, ऑर्किडची हौस आहे आणि गुडघे दुखतात. वाचक विचारतात, "धावपळ वाटते आहे, पण एवढं लांब जायचं तर सगळंच बघून घ्यावं ना? वगळायचाच झाला तर यातला कोणता देश वगळू?"

नमस्कार,

निदान तीन वगळा.

त्यातला कुठला वाईट आहे म्हणून नाही. आराखड्यातले दिवस कसे खर्च होतात ते कागदावर मांडून बघा. मुंबईहून साओ पावलोला थेट विमान नाही. दोहा, दुबई किंवा आदिस अबाबामार्गे जाताना दीड-दोन दिवस आणि येताना दोन दिवस गेले, की हातात १७ उरतात. तुमच्या आराखड्यात त्या खंडातल्या खंडात दहा-बारा विमानं होतात, कारण तिथे बहुतेक ठिकाणी जायला राजधानीतून फिरून जावं लागतं. कुस्कोहून मनाऊस म्हणजे आधी लिमा, मग ब्राझीलमधलं एखादं मोठं विमानतळ, मग मनाऊस. अशा प्रत्येक प्रवासात एक पहाट जाते, आणि पहाट गेली की पक्षी बघणाऱ्याचा दिवस गेला, हे तुम्हाला मी सांगायला नको. शेवटी सात वेगवेगळ्या अधिवासांसाठी आठ-नऊ सकाळी उरतात. म्हणजे प्रत्येक ठिकाणी पहिली सकाळ ओळख करून घेण्यात जाणार आणि दुसऱ्या सकाळी तुम्ही विमानतळावर असणार.

देश वाढले की पक्षी वाढतात, हे गृहीतक आपल्याकडच्या अनुभवातून येतं. भारतात राजस्थान, आसाम आणि केरळ केलं की यादी खरोखर फुगते. अँडीजच्या आसपास हिशेब वेगळा आहे. तिथे पक्षी बदलतात ते उंचीनुसार. आंबोलीहून सावंतवाडीला उतरताना सहा-सातशे मीटरांत काय काय बदलतं ते तुम्ही पाहिलं आहे. तोच उतार साडेतीन हजार मीटरांचा आहे अशी कल्पना करा. वर खुरटं गवत आणि गारठा, त्याखाली शेवाळाने लगडलेलं ढगातलं जंगल, आणखी खाली दमट डोंगरउतार आणि तळाला ॲमेझॉनचं सपाट अरण्य. दर पाच-सातशे मीटरांवर टॅनेजर (रंगीबेरंगी छोटे पक्षी), हमिंगबर्ड आणि अँटपिटांचा (जंगलात जमिनीवर लपून वावरणारे पक्षी) नवा संच भेटतो. पेरूतल्या एकट्या मानू राष्ट्रीय उद्यानात एक हजाराहून जास्त जातींची नोंद आहे. आपल्या अख्ख्या महाराष्ट्राची यादी साडेपाचशेच्या आसपास जाते. म्हणून पक्ष्यांसाठी माझा आग्रह असा : नकाशावर आडवं धावू नका, एक उतार निवडा आणि वरून खाली सावकाश या. गाडी एक, गाइड एक, आणि बॅगा रोज खाली-वर करायच्या नाहीत.

दुसरं गृहीतक ॲमेझॉनचं. मनाऊस आराखड्यात आलं ते नावामुळे, असा माझा अंदाज आहे. सपाट अरण्यात प्राणी भरपूर असतात, पण दिसत नाहीत. जमिनीवर भर दुपारी संध्याकाळ वाटावी इतका अंधार असतो, पक्षी ३०-४० मीटर उंच छतावर असतात आणि जॅग्वार असतो तो पाऊलखुणेच्या रूपात. ताडोबात पाणवठ्यावर वाघ बघण्याची सवय असलेला माणूस तिथे तीन दिवसांत कंटाळतो. मोठे प्राणी उघड्यावर हवे असतील तर पांतानाल. तिथे झाडी विरळ, पाणी उथळ आणि नदीचे काठ मोकळे. कोरड्या ऋतूत पाणी आटत जातं तसे केमन (तिथल्या छोट्या मगरी) आणि कॅपिबारा उरलेल्या पाण्याशी गोळा होतात आणि त्यांच्यामागे जॅग्वार काठावर येतो. शिवाय वर्षानुवर्षं बोटी बघून तिथले जॅग्वार निर्ढावले आहेत. जंगलातला तोच प्राणी माणसाच्या चाहुलीनेच नाहीसा होतो.

आता डिसेंबर. तुमच्या पत्रातली खरी अडचण इथे आहे, देशांच्या संख्येत नाही. उत्तर पांतानालात जॅग्वारचा हंगाम जून ते ऑक्टोबर, त्यातही जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत सर्वांत भरवशाचा. डिसेंबरात पाऊस सुरू झालेला असतो, पाणी चढतं, जनावरं पांगतात, मातीच्या रस्त्याचा चिखल होतो आणि जॅग्वार बघायला जिथून बोटी निघतात त्या पोर्तो जोफ्रेची बरीचशी निवासस्थानं बंद असतात. मानूच्या रस्त्यावर डिसेंबर ते मार्च दरडी कोसळतात. म्हणजे डिसेंबरात गेलात तर यादीतलं पहिलं नाव जवळपास खोडलंच म्हणून समजा. आणि डिसेंबर ठरला कशामुळे, तर मुलीच्या सुट्टीमुळे. तिच्याकडे जाणं आणि जॅग्वार बघणं या दोन वेगळ्या सहली आहेत. एकाच तिकिटात बसवायला गेलात तर एक बिघडणार. घरात बसून आधी एवढंच ठरवा : जॅग्वार हवा की नाताळ हवा? दोन्ही उत्तरं चांगली आहेत, फक्त ठिकाणं वेगळी आहेत.

जॅग्वार हवा असेल तर ऑगस्टात निघा आणि दोनच देश धरा, ब्राझील आणि पेरू. साओ पावलोहून कुयाबा हे विमान सव्वादोन-अडीच तासांचं. कुयाबाहून शंभर किलोमीटरवर पोकोने गाव, आणि तिथून ट्रान्सपांतानेइरा नावाचा मातीचा रस्ता सुरू होतो. सुमारे १४५ किलोमीटरचा हा रस्ता पोर्तो जोफ्रेला कुयाबा नदीकाठी संपतो. वाटेत शंभराहून जास्त पूल आहेत, पूर्वी बहुतेक लाकडी, आता त्यांतले अनेक काँक्रीटचे. सरळ गाडी हाणली तर चार तासांत पोचता येतं आणि बहुतेक एजंट तेच करतात. तसं करू देऊ नका. पहिल्या ३० ते ६५ किलोमीटरच्या टप्प्यातल्या एखाद्या फार्मवजा लॉजमध्ये दोन रात्री राहा. हायसिंथ मकाव इथे अंगणातल्या पामच्या झाडावर जोडीने बसलेले मिळतात. चोचीपासून शेपटीपर्यंत जवळजवळ मीटरभर लांब, गर्द निळे, डोळ्याभोवती आणि चोचीच्या मुळाशी पिवळी कडा. आकुरी पामचं कठीण फळ चोचीत फिरवून फिरवून ते असं कापतात की तुकडा खाली पडल्याचा आवाजही येतो. जाबिरू करकोचे, पाच जातींचे खंड्या, आणि नशिबात असला तर पहाटे मोठा मुंगीखाऊही याच पट्ट्यात.

मग पोर्तो जोफ्रेला चार रात्री, म्हणजे पाण्यावर पूर्ण तीन दिवस. हा आकडा कमी करू नका. एका दिवसात जॅग्वार दिसतोही, पण ढगाळ, गार दिवशी ते आत बसतात. दक्षिणेकडून थंड वाऱ्याची लाट आली, तिला तिथे फ्रियाजेम म्हणतात, की चाळिशीतला पारा एका रात्रीत पंधराच्या खाली येतो आणि दोन दिवस नदी ओस पडते. तीन दिवस हाताशी असले तर लाट निघून जायला वेळ मिळतो. बोट छोटी, छत नसलेली. सकाळी सहाला निघायचं, अकराला परत, पुन्हा अडीचपासून अंधार पडेपर्यंत. बोटवाल्यांकडे वायरलेस असतो, त्यामुळे एकाने जॅग्वार पाहिला की पंधरा मिनिटांत दहा बोटी जमतात. हे दृश्य तुम्हाला ताडोबाच्या जिप्सींमुळे ओळखीचं वाटेल आणि तितकंच नकोसंही. गाइडला आदल्या रात्रीच सांगून ठेवा की गर्दी झाली तर आपण निघायचं आणि आडबाजूच्या वळणावर महाकाय पाणमांजरं शोधायची. ती दिवसा जागी असतात, टोळीने मासे मारतात आणि मासा डोक्याकडून करकर चावत खातात. जॅग्वारइतकीच बघण्यासारखी, आणि तिथे गर्दी नसते.

महिना निवडताना धुराचाही विचार करा. २०२० साली पांतानालचा जवळपास चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त जळला, आणि त्यानंतरही आगीची वर्षं आली आहेत. सप्टेंबरात जॅग्वार सर्वांत जास्त, पण उन्हाळा आणि धूरही सर्वांत जास्त. जुलैअखेर ते ऑगस्टचा मध्य मला तुमच्या वयाला जास्त मानवेल असा वाटतो.

तिथून लिमामार्गे कुस्को. इथे उंचीचा प्रश्न आहे. कुस्को ३४०० मीटरवर आहे आणि तुम्ही येणार समुद्रसपाटीवरून. विमानतळावरूनच थेट गाडी करून खालच्या पवित्र खोऱ्यात, ओयांतायताम्बोच्या बाजूला उतरा. ते २८०० मीटरवर आहे. दोन रात्री तिथे काढल्या की डोकेदुखी बरीच टळते. माचू पिचू करायचंच असेल तर त्याची जागा इथे. ते २४०० मीटरवर, म्हणजे कुस्कोपेक्षा हजार मीटर खाली आहे आणि रेल्वे ओयांतायताम्बोहूनच सुटते. पायथ्याच्या गावात उरुबांबा नदीच्या खळाळत्या पाण्यात टॉरेंट डक नावाचं बदक धोंड्यांवर बसलेलं असतं, तेही पदरात पडेल. तिकिटं ठरावीक वेळेची आणि मर्यादित असतात, हंगामात काही महिने आधी काढावी लागतात.

त्यानंतर मानूचा रस्ता. सुमारे ३५०० मीटरच्या खिंडीवरून सुरुवात, २९०० मीटरवर वायकेचाच्या ढगातल्या जंगलात एक रात्र, १४०० मीटरवर सान पेद्रोला दोन, पिल्कोपाताला ६००-७०० मीटरवर एक, आणि मग अतालायाहून होडीने आल्तो माद्रे दे दिओस नदीतून खाली ब्लांकियोच्या परिसरात तीन रात्री. परत डोंगर चढायचा नाही. पुढे नदीनेच कोलोरादो गावापर्यंत आणि तिथून गाडीने पुएर्तो माल्दोनादोच्या विमानतळावर. सान पेद्रोजवळ रस्त्याच्या कडेलाच अँडियन कॉक-ऑफ-द-रॉकचं नाचण्याचं ठिकाण आहे. भडक केशरी नर पहाटे उजाडता उजाडता फांद्यांवर डोकी खाली-वर करून घोगऱ्या आवाजात भांडल्यासारखे ओरडतात. पावणेसहाला जागेवर नसाल तर निम्मा कार्यक्रम संपलेला असतो. ब्लांकियोला नदीच्या उभ्या मातीच्या दरडीवर मकाव माती खायला उतरतात. समुद्रापासून इतक्या दूर आहारात सोडियम कमी पडतं आणि ते या मातीतून मिळतं, असं आज मानलं जातं. आधी छोटे पोपट येतात, मोठे लाल-हिरवे मकाव बरेच उशिरा, कधी नऊ-दहाला. झाडांवर तासभर बसून अंदाज घेतात आणि एखादी घार वरून गेली की सगळा थवा उठून जातो. पावसाच्या सकाळी येतच नाहीत. म्हणून तीन रात्री. दोन ठेवल्या आणि एक सकाळ पावसाची निघाली, तर मातीची रिकामी दरड बघून परतावं लागतं.

हे सगळं २१ दिवसांत बसत नाही. माचू पिचू सोडून २२-२३ दिवस लागतात आणि ते धरून २४. दिवस वाढवता येत नसतील तर माचू पिचू सोडा. पांतानालच्या रात्री कापू नका.

नाताळ हवा असेल तर एकटा इक्वेडोर घ्या, आणि मुलीच्या कुटुंबालाही बोलवा. लहान मुलांना घेऊन पक्षी बघायला याहून सोपा देश त्या खंडात नाही. कीटो २८५० मीटरवर, डोंगराच्या कण्यावर. पश्चिमेला उतरलं की दोन तासांत मिंडो, पूर्वेला उतरलं की दोन तासांत ॲमेझॉनकडचा उतार. खंडातलं एकही विमान लागत नाही. देशाची यादी १६०० च्या वर आहे आणि त्यात हमिंगबर्डच १३० च्या आसपास जातींचे. पहिल्या दिवशी पूर्ण विश्रांती. दुसऱ्या दिवशी ३५०० मीटरवर यानाकोचा हे राखीव जंगल. तिथल्या साखरपाण्याच्या भांड्यांवर सोर्ड-बिल्ड हमिंगबर्ड येतो, ज्याची चोच शेपटी सोडून उरलेल्या अंगापेक्षा लांब असते. मग जुन्या नोनो-मिंडो रस्त्याने तांदायापा खोरं, २२०० मीटर. तिथून मिंडो १२५० आणि मिल्पे ११००. मिंडोच्या वरच्या अंगाला आन्हेल पास या शेतकऱ्याने एका मोठ्या अँटपिटाला गांडुळं देऊन हाकेसरशी यायची सवय लावली. ही जात तोवर लोकांना क्वचितच दिसायची. आज त्याच्या शेतावर सकाळी कॉक-ऑफ-द-रॉक, मग अँटपिटा आणि शेवटी न्याहारी असा क्रम ठरून गेला आहे. पूर्वेला अंतिसानाच्या माळावर काँडोर, पापायाक्ताची ४००० मीटरवरची खिंड, २७०० मीटरवर ग्वांगो आणि २००० वर सान इसिद्रो ही लॉज. बारा-तेरा दिवसांत दोन्ही उतार आरामात होतात. ॲमेझॉनची चव हवीच असेल तर कीटोहून कोकाला अर्ध्या तासाचं विमान, आणि नापो नदीत दोन-तीन तास मोटरहोडीने गेल्यावर लागणाऱ्या एखाद्या लॉजमध्ये चार रात्री. डिसेंबरात दुपारी पाऊस धरूनच चाला, पण सकाळी बऱ्याचदा उघडीप मिळते आणि हमिंगबर्ड रिमझिमीत उलट जास्त येतात.

इक्वेडोरच्या सुरक्षिततेबद्दल घरचे विचारतील. २०२४च्या जानेवारीत तिथे सरकारने टोळ्यांविरुद्ध 'अंतर्गत सशस्त्र संघर्ष' जाहीर केला होता. हिंसाचार मुख्यतः किनाऱ्याच्या प्रांतांत आहे, वर सांगितलेला मार्ग डोंगराचा आहे. ग्वायाकिलमध्ये मुक्काम टाळा, कीटोत अंधार पडल्यावर चालत हिंडू नका आणि निघण्याआधी आपल्या दूतावासाची सूचना वाचा.

उरलेल्या नावांबद्दल थोडक्यात. हार्पी ईगल यादीतून काढा. तो दिसतो तो घरट्यावर, आणि एक जोडी दोन-तीन वर्षांतून एकदाच पिल्लू वाढवते. 'आमच्या भागात हार्पी आहे' या वाक्याला काही अर्थ नाही. 'या महिन्यात घरट्यात पिल्लू आहे का?' हा प्रश्न लेखी विचारा, आणि उत्तर 'हो' आलं तरच पैसे वळवा. गालापागोसला जाती कमी आहेत, गंमत त्यांच्या निर्भयपणात आहे. पण परदेशी प्रौढांना उद्यानाची फीच २०२४च्या ऑगस्टपासून २०० डॉलर झाली आहे, विमान आणि बोट वेगळी. आठवडा देता येत असेल तरच जा.

पेंग्विन म्हणजे पॅटागोनिया, खंडाचं दक्षिण टोक, आणि ती स्वतंत्र सहल. तिचा विचार तुम्हाला कदाचित वेगळ्या कारणाने करावा लागेल. ते कारण म्हणजे पीतज्वराची लस. ब्राझील, पेरू, इक्वेडोर, कोलंबिया, अर्जेंटिना या देशांतून भारतात उतरताना लसीचं प्रमाणपत्र नसेल तर विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. यात मनधरणी चालत नाही. लस सरकारमान्य केंद्रावरच मिळते, प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून लागू होतं आणि २०१६पासून एकच डोस आयुष्यभर धरला जातो. मात्र साठीनंतर पहिल्यांदाच ही लस घेणाऱ्यांमध्ये गंभीर दुष्परिणामांचा धोका थोडा वाढतो. तुम्ही ६१चे आहात. तेव्हा तिकिटाच्या आधी डॉक्टर. रोजच्या गोळ्या, अंड्याची ॲलर्जी, थायमस ग्रंथीचा जुना आजार किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, सगळं सांगा. त्यांनी नको म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नका. चिले या यादीत नाही, आणि डिसेंबर हा तिथला उत्तम महिना. तोरेस देल पायनेत काँडोर आणि प्यूमा, पुंता अरेनासच्या बाजूला मॅजेलॅनिक पेंग्विन, तिएर्रा देल फ्वेगोत किंग पेंग्विन. फक्त जाता-येता साओ पावलो किंवा बोगोता टाळून अमेरिका किंवा युरोपमार्गे जा.

व्हिसाचं गणितही ठिकाणावर परिणाम करतं. मुलगी तिकडे म्हणजे तुमच्याकडे अमेरिकेचा व्हिसा असणार. तो सहा महिन्यांहून जास्त शिल्लक असेल तर पेरू आणि कोलंबियात भारतीयांना वेगळ्या व्हिसातून सूट मिळत आली आहे. ब्राझीलचा व्हिसा लागतोच, त्यांची वकिलात मुंबईत आहे. इक्वेडोरने भारतीयांवर २०१९पासून व्हिसा लावला आहे. हे नियम बदलत राहतात, म्हणून वकिलातीचं उत्तर ईमेलने घ्या आणि त्याची छापील प्रत जवळ ठेवा. चेक-इन काउंटरवरच्या मुलाला तेच दाखवावं लागतं.

वहिनींचा विचार तुम्ही पत्राच्या शेवटच्या ओळीत केला आहे, तो आराखड्यात वर आणा. दुखऱ्या गुडघ्यांना पांतानालची बोट सोपी, कारण बसूनच सगळं दिसतं. फक्त बोटीत चढता-उतरताना हात द्यायला कोणी हवं. मानूचा रस्ता हा रस्ताच असल्याने उताराच्या दिशेने चालायचं आणि गाडी मागून येते. ॲमेझॉनचे छतावर नेणारे मनोरे मात्र दीडदोनशे पायऱ्यांचे असतात, तिथे त्यांनी खाली थांबणं बरं. इक्वेडोरच्या लॉजमध्ये व्हरांड्यातच हमिंगबर्डची भांडी आणि आजूबाजूला ऑर्किड असतात. चहा घेऊन खुर्चीत बसल्या बसल्या त्या तुमच्याइतक्याच जाती बघतील, कदाचित जास्त. आणि दुर्बीण दोघांना वेगळी घ्या. एकाच दुर्बिणीवर दोघांनी जंगलात पक्षी बघणं म्हणजे एकाच चष्म्यावर दोघांनी पेपर वाचण्यासारखं आहे. ८×४२ (आठपट मोठं करणारी) घ्या. अंधाऱ्या जंगलात आणि हलत्या बोटीत दहापट मोठं करणारी दुर्बीण त्रास देते.

जेवणाचं घाबरण्यासारखं नाही. भात, राजम्यासारखे घेवडे, तळलेलं केळं आणि अंडी सगळीकडे मिळतात. पण ब्राझीलमध्ये घेवड्यात चवीला डुकराचं मांस घालतात, आणि 'शाकाहारी' म्हटलं की चिकन पुढे येतं. सरळ नावं घ्या : स्पॅनिशमध्ये 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो', पोर्तुगीजमध्ये 'सेम कार्नी, सेम फ्रांगो, सेम पेशी'. बुकिंग करतानाच लिहून कळवा, कारण होडीने जायच्या लॉजमध्ये सामान आठवड्याचं एकदम जातं.

उंचीसाठी ॲसिटाझोलामाइडची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या. सल्फाची ॲलर्जी असेल किंवा रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर विशेष. विमा घेताना त्यात दुर्गम भागातून रुग्णालयात हलवण्याचा खर्च आहे का ते वाचा. पोर्तो जोफ्रेहून मोठं रुग्णालय म्हणजे कुयाबा, अडीचशे किलोमीटर.

एजंटला विचारायचे प्रश्न असे : गाइड पक्ष्यांचा आहे की सर्वसाधारण? बोटीत किती जण, आणि बोट फक्त आपल्यासाठी की वाटून? पहाटेची न्याहारी पाचला मिळते का, की जेवणघर सातला उघडतं? शेवटचा प्रश्न किरकोळ वाटेल, पण सातला उघडणारं जेवणघर असलेला लॉज पक्षी बघणाऱ्यांचा नसतो. खर्चात सर्वांत मोठी रक्कम स्वतंत्र गाइडची असते. ती वाचवायची असेल तर इक्वेडोरमध्ये वाचवा, तिथे भांड्यांवरचे पक्षी स्वतः ओळखता येतात. मानूत वाचवू नका. ढगातल्या जंगलात टॅनेजरांचा मिश्र थवा दोन मिनिटांत वीस जाती दाखवून निघून जातो, आणि आवाजावरून नाव सांगणारा शेजारी नसेल तर हाताला काही लागत नाही.

घरून करायचा अभ्यास सोपा आहे. ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर ठरलेल्या ठिकाणाचा बार चार्ट (कोणता पक्षी कधी दिसतो त्याचा तक्ता) उघडा आणि फक्त तुमचा महिना बघा. वर्षभराची यादी फसवी असते. त्यातून तीस नावं निवडून गाइडला महिनाभर आधी पाठवा. पक्षी ओळखायच्या मर्लिन ॲपमध्ये त्या देशाचा संच नाशिकलाच उतरवून घ्या, लॉजमध्ये इंटरनेट असतंच असं नाही. सगळ्या जाती पाठ करायच्या फंदात पडू नका. टॅनेजर, अँटबर्ड, वुडक्रीपर, मॅनाकिन, कोटिंगा, फ्लायकॅचर अशी दहा-बारा कुळं ओळखता आली की गाइड काय सांगतो आहे ते कळायला लागतं. कॅमेरा एसीच्या खोलीतून दमट हवेत नेताना पिशवीतच अर्धा तास राहू द्या, नाहीतर लेन्सवर धुकं धरतं आणि पहाटेचा तेवढाच वेळ जातो.

ऑगस्टाचं ठरलं तर पोर्तो जोफ्रेच्या खोल्या आठ-दहा महिने आधी संपतात, म्हणून पहिलं बुकिंग त्यांचं करा आणि विमानं त्या तारखांवर बेतून घ्या. एजंट उलट क्रमाने जाईल, त्याला जाऊ देऊ नका. पण त्याही आधी लसीसाठी डॉक्टरांची वेळ घ्या, कारण त्यांच्या उत्तरावर देशच बदलू शकतो.